घाटावरून आलेला दगड

"बाबा, एवढे मोठे दगड इथे कोणी आणले?"

गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या मंडपात हा प्रश्न कानावर पडला. विचारणारा मुलगा सात-आठ वर्षांचा असेल. अनवाणी, खांबाच्या गुळगुळीत कडेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत उभा होता. वडील बाहेर मोबाइलवर फोटो जुळवण्यात गुंतलेले. "राजाने," ते म्हणाले, "चल, इकडे उभा राहा बघू." मुलगा गेला, फोटो निघाला, चपला घालून ती मंडळी नदीकडे उतरली. मी मंडपातल्या दगडी कट्ट्यावर बसले होते. पाठीला दगडाचा गारवा लागत होता, समोरच्या दारातून कार्तिकातलं कोवळं ऊन आत येत होतं, आणि तरी त्या उत्तराने मन उगाच खट्टू झालं. तसं त्यात चुकीचं काही नव्हतं. शाळेत आम्हीही हेच शिकलो: देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळत. पण त्या पोराने बांधलं कोणी असं विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं, आणले कोणी.

आमच्याबरोबर आत्या होती. वय ऐंशीला टेकलेलं, गुडघे धड नाहीत, पण पाऊस ओसरला की तिला डोंगराची ओढ लागते. डिचोलीहून गाडी केली होती. मागे भाचरं, पुढे आत्या, तिच्या मांडीवर केळ्यांची पिशवी. वाळपईला थांबून पातळ भाजी आणि पाव खाल्ला, वर मिरची भजी. तिथून पुढे रस्ता कुळागरांतून जातो. दोन्ही बाजूंना पोफळी, मधूनच पाटाचं पाणी, ओल्या पाचोळ्याचा वास. देवळापाशी पोचलो तेव्हा गर्दी नव्हती. आत्या आत आली आणि नमस्कारासाठी हात जोडण्याआधी तिने उजवा तळवा भिंतीला लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हा दगड आपल्याकडचा नव्हे गो," ती म्हणाली.

तिला दगड कळतो. तिच्या सासरी चिऱ्यांची खाण होती, लग्नानंतरची कित्येक वर्षं तिने चिरे मोजण्यात आणि गाड्यांत भरून घेण्यात काढली. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, हत्याराने सहज तासला जातो. उन्हावाऱ्यात पडला की मग घट्ट होत जातो. अंगभर भोकं, भोकांत तांबडी माती, पावसाळ्यात नुसता हात लावला तरी बोटं लाल होतात. गोव्यातली घरं, गडगे, विहिरी, देवळांची जोती, चर्चच्या भिंती, सगळं या एका दगडावर उभं आहे. त्यात बारीक नक्षी कोरता येत नाही, कड धरत नाही, भुगा होतो. महादेवाचं हे देऊळ मात्र काळ्याभोर बसाल्टचं. हा दगड घाटावरून, दख्खनच्या पठारावरून इथे उतरवला, असं इतिहासाचे अभ्यासक मानतात. आत्याने यातलं काही वाचलेलं नाही. तिच्या तळव्याला ते समजलं. मग तिने दोन दगडांच्या सांध्यात अंगठ्याचं नख घालून पाहिलं. नख शिरेना. मध्ये चुना नाही, गारा नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला.

देऊळ तसं लहानच आहे. प्रथमच येणाऱ्याला तर वाटतं, यासाठी एवढं आड रानात यायचं? गाभारा, अंतराळ, तीन बाजूंनी उघडा मंडप. मधल्या चार खांबांवर पेललेलं छत, त्याच्या मध्यभागी कोरलेलं कमळ. मान मागे टाकून ते बघत राहिलं की पाकळ्यांचे थर एकेक करून उलगडू लागतात. एका खांबाच्या पायथ्याशी हत्ती घोड्याला पायाखाली चिरडतोय. घोड्याची मान वळलेली आहे आणि ती वळवताना कोरणाऱ्याला घोड्याची दया आली असावी असं मला दर वेळी वाटतं. नंदीला डोकं नाही. शिखराचा माथाही अपुरा, राहून गेलेला किंवा उतरवलेला. बाहेर सभोवार जंगल, समोर अनमोडच्या डोंगराची भिंत, खाली नदीचं पाणी गोट्यांवरून वाहतंय. देवळाचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे त्याच डोंगराकडे. सूर्य डोंगरावर आला की पहिलं ऊन सरळ गाभाऱ्यात शिरतं. ज्या बाजूने दगड आला त्याच बाजूला तोंड करून हा देव बसलाय, हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

आता जरा तो डोंगर बघा. बसल्या जागेवरून मी बघत होते. दाट झाडी, तिच्यातून मधूनच उघडा पडलेला कातळ, आणि कुठेही सरळ अशी वाट नाही. एकेक दगड किती मणांचा असेल याचा अंदाज करत होते. बैल लावले असतील, लाकडी ओंडके खाली घातले असतील, काथ्याचे दोर झाडांना गुंडाळून हळूहळू सोडले असतील. मी आत्याला म्हटलं, उतारच होता म्हणा, चढवण्यापेक्षा बरं. ती एकदम म्हणाली, "तुला काय ठाऊक? अप्पा सांगायचे, चढणीला दम जातो, उतरणीला माणूस जातो."

अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते कोट घालून, एखाद्या परक्यासारखे बसलेत. ते केरीचे. चोर्ला घाटाच्या पायथ्याचं गाव. तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. केरीहून सुर्ला (हे घाटावरचं, तांबडी सुर्ला वेगळं), सुर्ल्याहून चोर्ला, पुढे कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. अप्पा नारळ, सुकी मासळी, सोलं घेऊन वर जायचे आणि मिरच्या, डाळी, गूळ, तंबाखू घेऊन खाली यायचे. हे मला तुटक-तुटक माहीत होतं. त्या दिवशी मंडपात बसून आत्याने त्यांच्या चुंबळीबद्दल सांगितलं. जुन्या धोतराच्या पट्ट्या पिळून, वरून सुतळीने आवळून केलेली, मधोमध घामाने काळी पडलेली चुंबळ. ती घरात खुंटीला असली म्हणजे अप्पा घरी, आणि खुंटी रिकामी असली म्हणजे अप्पा घाटात. आई संध्याकाळी दिवा लावताना आधी खुंटीकडे बघायची, मग देवाकडे. परत आले की आत्या ती चुंबळ हुंगायची. तिला तंबाखूचा आणि केसांच्या तेलाचा वास असे. हे सांगताना आत्याने हात पुढे करून बोटांनी गोल दाखवला, एवढी होती बघ.

मग १९५५ आलं. त्या पंधरा ऑगस्टला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि भारताने हद्द बंद केली. आगगाडी थांबली, मालाची ये-जा थांबली. बाजारात हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, पाकिस्तानातून तांदूळ आला. समुद्राने काहीही येत होतं, फक्त डोक्यावरच्या डोंगरापलीकडून काही येत नव्हतं. आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की अप्पा आता दिवसा निघेनासे झाले. काळोखात निघायचे, काळोखात यायचे, आणि कोणी विचारलं तर "अप्पा कुळागरात गेलेत" असं सांगायचं. पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, एकदा घरी आले, मडकी उलथीपालथी करून गेले. पुढे मुक्ती झाली आणि वाट मोकळी झाली, पण अप्पांचे गुडघे तोवर संपले होते. "माझे गुडघे त्यांच्यावर गेलेत," आत्या म्हणाली आणि स्वतःच्या वाट्या दाबत बसली.

मी तिच्याकडे बघत राहिले.

कदंबांचं राज्य घाटाच्या दोन्ही अंगांना होतं, हे आपण पुस्तकात वाचतो. खाली त्यांची राजधानी गोव्यातलं चंद्रपूर, पुढे गोपकपट्टण, आणि वर खानापुराजवळ दुसरी, हलशी. हे वाचताना मला नेहमी नकाशा दिसायचा, एक रंग दिलेला. त्या दिवशी वाट दिसली. दोन राजधान्यांमधून राजा वर्षातून किती वेळा गेला असेल? पण मीठ सतत वर जात होतं, धान्य सतत खाली येत होतं, निरोप जात होते, गवंडी-पाथरवट येत होते, लेकी सासरी जात होत्या. घाटाला आपण उगाच गोव्याची भिंत म्हणतो. माझ्या घरातल्याच माणसाने ती वाट घासून घासून मऊ केली होती आणि मी मात्र कदंब, यादव, आदिलशाही असं पाठ करत मोठी झाले.

याच सकाळी वाटेत आम्ही नगरगावच्या ब्रह्मा करमळीला थांबलो होतो. ब्रह्मदेवाचं देऊळ आपल्याकडे विरळाच, म्हणून लोक मुद्दाम येतात. काळ्या पाषाणातली जवळजवळ माणसाच्या उंचीची मूर्ती, बाजूंना सरस्वती आणि सावित्री, समोरून तीन मुखं दिसतात. चेहऱ्यावर दाढी आहे आणि तरी तो चेहरा म्हातारा वाटत नाही. ही मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा गावकऱ्यांनी ती उचलली आणि सत्तरीच्या या डोंगरांत आणली, जिथवर पोर्तुगीजांचा हात तेव्हा पोचत नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अशीच निघाली. त्या कथा आपल्याला पाठ आहेत. पण मूर्तीसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा तिचं वजन जाणवलं. दाढीची प्रत्येक बट कोरलेला एवढा मोठा दगड. कुठे होडी असेल, कुठे चिखल असेल, पाठीमागे जिवाची भीती. आणि वाटेत मूर्तीला साधा टवका उडू नये म्हणून काय गुंडाळलं असेल तिच्याभोवती? घोंगडी असतील, लुगडी असतील. घरातून निघताना बायकांनी जे हाताला लागलं ते दिलं असेल. देव सोबत आला आणि सोडलेल्या गावाचं नावही सोबत आलं.

रात्री मोल्याला मुक्काम केला आणि सकाळी कुळ्याहून जीपने दूधसागरला गेलो. आत्या नको नको म्हणत होती, पण जीपमध्ये बसल्यावर सगळ्यात ताठ तीच. गाडी ओढ्यातून जाते तेव्हा पाणी चाकांच्या वर चढतं, भाचरं ओरडतात, आत्या दांडा धरून हसते. पुढे थोडं चालावं लागतं. आवाज आधी येतो, मग गार तुषार, मग झाडांतून पांढरं काहीतरी हलताना दिसतं आणि अचानक सगळा कडा समोर. तीनशेवर मीटर उंचीवरून मांडवी टप्प्याटप्प्याने कोसळते. इथली गर्दी मला सहसा सोसत नाही. केशरी लाइफ जॅकेटं, शिट्ट्या, वेफरची पाकिटं पळवणारी माकडं. पण त्या दिवशी नजर लागली होती कड्याच्या मध्यावरच्या पुलाकडे. बराच वेळाने मालगाडी आली. पुढे इंजिनं आणि मागूनही रेटणारी इंजिनं, कारण सदतीस मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा हा घाट एकट्या इंजिनाला झेपत नाही. सबंध कडा त्या धडधडीने भरून गेला. गाडी पाण्याच्या मागून सरकत बोगद्यात शिरली. भाचरांनी टाळ्या वाजवल्या.

या रुळांची गोष्ट मी त्यांना जीपमध्ये सांगितली होती. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यातून मुरगाव बंदर ते घाटमाथा हा लोहमार्ग निघाला. दहा वर्षांत गाडी धावू लागली. एवढं त्यांना आवडलं. पण त्याच तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, मिठागरांवर पहारे बसले, किती आगरं ओस पडली. शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून घाट चढणारं मीठ, ते वाहून नेणारे लमाणांचे तांडे, त्यांच्या मुक्कामाच्या जागा, सगळं एका कागदाने उठवलं. तह १८९२ मध्ये संपला. तोवर वाटा बुजायला लागल्या होत्या. आणि जे बोगदे आपण मान वर करून बघतो ते खोदणारे कोण? कुठल्या गावचे? पावसाळ्यात, हिवतापात, जळवांत ते इथे राहिले कसे? कड्याला दूधसागर नाव का पडलं याची राजकन्येची गोष्ट प्रत्येक जीपवाला सांगतो. बोगदा खोदणाऱ्यांची गोष्ट कोणाच्याच तोंडी नाही.

मोल्याच्या जंगलात आज पुन्हा तीन रस्ते हवे आहेत: रुळाला दुसरा रूळ, महामार्ग रुंद, आणि विजेची उच्च दाबाची वाहिनी. २०२० मध्ये गोव्यातल्या तरुण मुलांनी याविरुद्ध केवढं रान उठवलं. माझा भाचा तेव्हा बारावीत होता, घरात बसून शेकरूची आणि धनेशाची चित्रं काढून लोकांना पाठवायचा. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुहेरी रुळाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली, त्या दिवशी आमच्याकडे नारळाच्या वड्या झाल्या. मी त्या मुलांच्या बाजूने होते, आजही आहे. हे जंगल एकदा तोडलं की परत लावता येणारं नाही, आणि गोव्याच्या पाण्याची मुळं इथे आहेत. पण आत्याचे यजमान एका रात्री छातीत कळ येऊन कोसळले तेव्हा चोर्ल्याच्या पक्क्या रस्त्याने त्यांना पहाटेपूर्वी बेळगावला नेता आलं, म्हणून पुढे काही वर्षं जगले. घाटाचा रस्ता नको असं आत्यासमोर मी कुठल्या तोंडाने बोलणार? तिला हे दोन्ही एकत्र कळतं. परतीच्या वाटेत अनमोडच्या बाजूला कापलेला लाल उघडा उतार दिसला तेव्हा ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "रस्ता पाहिजे. पण एवढा अंगाला ओरबाडून नको." यावर गाडीत कोणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर मी त्या मुलाच्या प्रश्नाच्या मागे लागले. वाचता वाचता देगाव सापडलं. बेळगाव जिल्ह्यातलं लहान गाव, तिथलं कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या कमलादेवी राणीने बाराव्या शतकात बांधून घेतलं. आणि तिथल्या शिलालेखात शिल्पीचं नाव आहे. तिप्पोज. राजाचं, राणीचं, देवाचं नाव असतंच, पण छिन्नी हातात धरणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं, हे वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले. तांबडी सुर्लाला असं कोणाचं नाव नाही. पण काळ तोच, राज्य तेच, घाट तोच, आणि कमळं कोरायची ती शैलीही भावकीतली. तो मुलगा पुन्हा भेटला तर त्याला मी तिप्पोजाचं नाव सांगेन. दगड आणणाऱ्यांची नावं सांगता येणार नाहीत, पण चुंबळ कशी करतात ते दाखवेन, जुन्या धोतराच्या पट्ट्या घेऊन, कारण ते आता मला येतं. आत्याने शिकवलं. भाच्याने ती डोक्यावर ठेवून वर पाण्याची कळशी घेतली आणि अंगणात फेऱ्या मारल्या. मान किती ताठ ठेवावी लागते, हे त्याला पाचव्या फेरीला कळलं.

माघात देगावला जायचं ठरलंय. मी म्हटलं चोर्ल्याने जाऊ, अप्पांच्या वाटेने. आत्या म्हणते, जाताना चोर्ल्याने, येताना अनमोडने, म्हणजे महादेवाला पुन्हा थांबता येईल. हलशीही वाटेतच आहे, ते नृसिंहाचं देऊळ बघायचं. कणकुंबीला अप्पा ज्या घरी उतरायचे ते घर अजून आहे का ते विचारायचं, घरमालकाचं आडनाव तिला आठवतंय. ड्रायव्हरला तिने परस्पर फोनही केला. पाच वाजता गाडी दारात पाहिजे, बेळगावात मिरच्या घ्यायच्या आहेत, उशीर झाला की चांगला माल संपतो.